दोन समुपदेशक झाले, तरी बोलणे राहूनच गेले: पुण्यात योग्य थेरपिस्ट कसा निवडावा?

कर्वेनगरवासी

नमस्कार. मी ४६ वर्षांचा असून भोसरीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करतो. माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. ती सहा वर्षे आमच्याकडे होती आणि त्यांपैकी शेवटची अडीच वर्षे अंथरुणाला खिळलेली होती. अंगाखाली जखमा होऊ नयेत म्हणून तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागे. रात्री अकरा, एक आणि तीनची पाळी माझी असे, पहाटे पाचची पत्नीची. गेल्या मार्गशीर्षात आई गेली. मोबाइलमधले तिन्ही गजर मी दहाव्याच्या आधीच काढून टाकले, पण तीनची जाग काही गेलेली नाही, आणि एकदा जाग आली की पाचपर्यंत मी छताकडे पाहत पडून राहतो. रडू मात्र एकदाही आलेले नाही.

भेटायला आलेला प्रत्येक जण "सुटली बिचारी" असे म्हणत होता. मला मात्र वैकुंठ स्मशानभूमीतून परतताना गाडीत बसल्याबसल्या "सुटलो" असे वाटले, आणि तसे वाटल्याची लाज आजतागायत गेलेली नाही. मला कोणापाशी तरी एवढेच बोलायचे होते.

पहिल्यांदा आमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या एका ज्येष्ठ समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही तर श्रावणबाळ आहात." त्यांचा हेतू चांगलाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्यानंतर मी काय बोलणार? खांद्यावरची कावड उतरल्यावर श्रावणबाळाला हायसे वाटले, असे कोणत्याही कथेत सांगितलेले नाही. उरलेला वेळ आम्ही प्राणायामाविषयी बोललो.

दुसऱ्यांदा ऑनलाइन एका तरुण थेरपिस्टशी चार सत्रे केली. त्या मन लावून ऐकत, मध्ये बोलत नसत, मागच्या वेळचे सगळे त्यांच्या लक्षात असे. मात्र संभाषण इंग्रजीत होते. मला इंग्रजी येते, दिवसभर मी त्याच भाषेत ईमेल लिहितो, आणि कदाचित म्हणूनच माझे दुःखही मी त्यांना ईमेलसारखे, मुद्देसूद सांगत राहिलो. तिसऱ्या सत्रात धीर करून मी ती गाडीतली गोष्ट सांगितली. त्यांनी हळुवारपणे मान हलवली आणि तुम्हाला "रिलीव्ह्ड" वाटले, असे म्हणाल्या. आमच्या कचेरीत राजीनामा दिलेला माणूस रिलीव्ह होतो आणि त्याला तसे पत्रही मिळते. मला जे वाटले ते हे नव्हते, पण मग काय होते, हे त्यांना समजावून सांगण्याइतका उत्साह माझ्यात उरला नव्हता.

आता माझ्यापुढे प्रश्न असे आहेत. मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक आणि थेरपिस्ट यांपैकी मी नेमके कोणाकडे जावे? समोरचा माणूस आपल्यासाठी योग्य आहे हे किती भेटींत आणि कशावरून ओळखावे? की दोष माझ्यातच आहे आणि कोणाकडेही गेलो तरी असेच होणार आहे? एका सत्राला १,५०० रुपये या हिशेबाने मला तीन-चार महिने झेपेल, त्याहून अधिक नाही.

निवृत्त शिक्षिका, कोथरूड

तुमचे लिहिणे वाचून प्रथम हेच सुचले की, हे तुम्ही इतके स्वच्छ मराठीत मांडले आहे, तर यातला "सुटलो" हा परिच्छेद कागदावर छापून पुढच्या माणसाच्या हातात द्यावा. बोलायला जे जड जाते ते वाचायला दिले म्हणून कोणी कमी गुण देत नाही.

निवृत्तीनंतर मला घराबाहेर पडण्याचीच धास्ती बसली होती, तेव्हा मी भेटीची वेळ घेण्याआधी पाच ठिकाणी दूरध्वनी केला होता. संपूर्ण सत्र मराठीतून होईल का, माझ्यासारखा त्रास असलेल्या लोकांबरोबर तुम्ही काम केले आहे का, आणि दोन-तीन भेटींनंतर मला जमले नाही तर ते तुम्हाला सांगितलेले चालेल का, एवढेच मी विचारले. उत्तरांपेक्षा उत्तर देण्याच्या तऱ्हेवरूनच बरेच काही कळले. एका ठिकाणी शेवटच्या प्रश्नावर "आमच्याकडे असे कधी होत नाही" असे ऐकायला मिळाले. तिथे मी गेले नाही. ज्यांच्याकडे गेले, त्या बाई म्हणाल्या, "सांगाच, आणि मी दुखावले जाईन म्हणून थांबू नका."

आणखी एक गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ती लक्षात घ्यावी. संध्याकाळी साडेसहाची वेळ घेऊन कोथरूडहून बाणेरला जाऊ नये. तासभर हॉर्न ऐकत पोहोचलेला माणूस पहिली वीस मिनिटे रहदारीवरच बोलतो, आणि त्या वीस मिनिटांचेही पैसे द्यावे लागतात.

मानसशास्त्रज्ञ, एरंडवणे

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. तुमचे निदान इथे करणे योग्य होणार नाही आणि तसा माझा प्रयत्नही नाही, पण तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरे जरा सविस्तर द्यावीशी वाटतात.

या चार नावांचा घोळ आपल्याकडे सर्वत्र आहे. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे लिहून देऊ शकतात. वृत्तपत्रांत यांनाच पुष्कळदा मानसोपचारतज्ज्ञ म्हटले जाते, त्यामुळे गोंधळ वाढतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत. मानसशास्त्राच्या एम.ए.नंतर, आजवर मुख्यतः दोन वर्षांचे एम.फिल. करून, त्यांना भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही परिषद १९९२च्या कायद्याने स्थापन झाली असून तिची नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नव्हे, आणि ज्यांना तो प्रश्न बोचतो त्यांच्याविषयी मला स्वतःला थोडी शंका येते. समुपदेशक आणि थेरपिस्ट या शब्दांवर मात्र अशी एकच एक मोहोर नाही. या नावाखाली एम.ए. करून वर्षानुवर्षे प्रशिक्षण घेतलेली उत्तम माणसे आहेत आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलीही आहेत. म्हणून पदवी कोणती, कोणत्या पद्धतीचे प्रशिक्षण कोठे घेतले, आणि अडचणीच्या केसबद्दल ते स्वतः कोणा वरिष्ठांचे मार्गदर्शन घेतात का, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाला "हो, नियमितपणे घेतो" असे उत्तर देणारा माणूस मला अधिक विश्वासाचा वाटतो.

तुमच्या बाबतीत मी एकदा मनोविकारतज्ज्ञांना भेटून यावे असेच सुचवीन. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, भूक किंवा वजन कमी होणे, कशातच मन न रमणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल तर नैराश्य आहे का, हे तपासून घ्यावे लागते. थायरॉइडची कमतरताही कधी कधी अगदी नैराश्याचे सोंग घेऊन येते आणि ती रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर थांबूच नये, त्याच दिवशी जावे. तुमची तीनची जाग अडीच वर्षांच्या पाळीची सवयही असू शकते. पण ते बोलून आणि तपासूनच ठरवावे, अंदाजाने नव्हे.

आता योग्य माणूस कसा ओळखावा याविषयी. काही त्रासांत पद्धत फार महत्त्वाची असते. एखाद्याला हात धुण्याची सक्ती वाटत असेल, तर ज्या गोष्टीची भीती वाटते तिला क्रमाक्रमाने सामोरे नेऊन हात धुण्यापासून रोखून धरण्याचे खास तंत्र थेरपिस्टला यायलाच हवे, नुसता प्रेमळ स्वभाव पुरत नाही. विचारांच्या चुकीच्या वळणांवर काम करायचे असेल तर आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचाराची मोठी परंपरा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, त्यामुळे ती मराठीतून करणारे लोक शोधणे कठीण जाऊ नये. तुमच्या प्रश्नात मात्र पद्धतीपेक्षा नाते आधी येते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन भाग सांगितले होते: दोघांमधला जिव्हाळा, कोठे पोहोचायचे याविषयी एकमत, आणि त्यासाठी सत्रांत काय करायचे याविषयी एकमत. पहिल्या समुपदेशकांनी तुम्हाला काय हवे आहे हे विचारलेच नाही आणि उपाय सुरू केला. दुसऱ्या थेरपिस्टबरोबर तुमचा जिव्हाळा जुळत होता, फक्त भाषा मध्ये आली. हे दोन अनुभव सारखे नाहीत, आणि दोन्हींना "जमले नाही" या एकाच खात्यात टाकू नये असे मला वाटते. तुम्ही हिशेबाचे काम करता म्हणून हा शब्द वापरला.

श्रावणबाळाच्या बाबतीत तुम्ही जे नोंदवले आहे ते आमच्या क्षेत्रातील अनेकांनी वाचावे असे आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये उपचारासाठी आवश्यक म्हणून ज्या अटी मांडल्या, त्यांत समोरच्याचा विनाअट स्वीकार ही एक होती. आपण त्याचा अर्थ "दोष देऊ नये" एवढाच घेतो. पण कौतुक हीसुद्धा अट असते. "तू आदर्श मुलगा आहेस" असे म्हटले की आदर्श मुलाला न शोभणारे सगळे दाराबाहेर ठेवावे लागते. दीर्घ काळ शुश्रूषा केलेल्या माणसाला मृत्यूनंतर सुटल्यासारखे वाटणे हे आम्हाला नवे नाही, आणि त्यावरून आईवरचे प्रेम मोजता येत नाही. हे वाक्य इथे वाचून तुमची लाज जाईल असे मी म्हणत नाही, कारण तसे असते तर माझी गरजच उरली नसती.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ माहिती घेण्यातच जातो, त्यामुळे तेवढ्यावरून निर्णय करू नये. तिसऱ्या किंवा चौथ्या भेटीपर्यंत स्वतःला एवढे विचारावे की, इथून बाहेर पडल्यावर मी काही लपवून आलो असे वाटते का, आणि लपवले ते उद्या सांगता येईल असे वाटते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल तर त्याच थेरपिस्टकडे जात राहावे. थेरपिस्ट स्वतःच्याच गोष्टी सांगत असेल, बरे करण्याची हमी देत असेल, डॉक्टरांना न विचारता औषधे बंद करायला सांगत असेल, सत्राबाहेर मैत्री किंवा व्यवहार जोडू पाहत असेल किंवा तुमचे बोलणे घरच्यांपर्यंत पोहोचवत असेल, तर चौथ्या भेटीची वाट पाहू नये. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. पुणेकरांना कदाचित ठाऊक नसेल, पण या कायद्याच्या मसुद्याच्या कामात आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रातील डॉ. सौमित्र पाठारे यांचा सहभाग होता. गोपनीयतेला अपवाद असतात, उदाहरणार्थ कोणाच्या जिवाला धोका असणे किंवा बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळणे. हे अपवाद पहिल्याच भेटीत समजावून सांगणे हे थेरपिस्टचे काम आहे.

चौघांनंतरचा मी, औंध

वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर ठेवून थोडे वेगळे सांगतो. मी सात वर्षांत चार थेरपिस्ट बदलले आणि प्रत्येक वेळी कारण अगदी पटण्याजोगे होते. एकजण फार गप्प असे, एकीचे केबिन जिन्याला लागून होते व बाहेरची पावले ऐकू येत, एकजण घड्याळाकडे पाही, आणि चौथ्या बाई मला माझ्या धाकट्या बहिणीसारख्या वाटत. पाचव्यांनी माझ्याकडून या चौघांची हकिगत तारखांसह लिहून घेतली. मग दिसले की चारही वेळा मी निघालो तो वडिलांचा विषय निघाल्यानंतरच्या पुढच्या एक-दोन भेटींत. तोपर्यंत जिन्यावरच्या पावलांचा मला काहीही त्रास झाला नव्हता.

तुमचे तसेच असेल असे नाही. परंतु तुम्ही धीर करून सर्वांत अवघड वाक्य बोललात, ते अर्धवट समजले गेले, आणि त्यानंतर एका सत्रात तुम्ही थांबलात. "मला म्हणायचे होते ते हे नाही" असे सांगून पाहिले असते तर काय झाले असते, हे आता कळणार नाही. शब्द चुकला म्हणून माणूस चुकीचा ठरतोच असे नाही. योग्य थेरपिस्ट म्हणजे ज्याला सगळे पहिल्या झटक्यात कळते तो, अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीपायी माझी वर्षेही गेली आणि पैसेही.

मानसशास्त्रज्ञ, एरंडवणे

औंधच्या सदस्यांशी मी सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडते. "मला म्हणायचे होते ते हे नाही" हे वाक्य बोलता येणे ही बहुतेकांच्या बाबतीत उपचाराची सुरुवात नसते, ते उपचारातून हळूहळू मिळते. त्यामुळे ते तेव्हा बोलले नाही म्हणून प्रश्नकर्त्यांनी स्वतःला बोल लावू नये. त्यांच्या डोक्यावर तेवढ्यापुरती एक लाज पुरेशी आहे. हवे तर त्याच थेरपिस्टना एक शेवटचे सत्र मागून हे सांगताही येईल. आम्हाला असे सांगणारे फार थोडे परत येतात, आणि आम्ही त्यांच्याकडूनच शिकतो.

धनकवडीकर

पैशांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. माझ्या भावासाठी आम्ही ससूनच्या मनोविकार विभागात जात होतो. गर्दी असते, दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असे नसते, आणि तासभर बसून बोलणे तिथे होत नाही, पण तपासणी व औषधे अत्यल्प खर्चात होतात. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे पाऊल ठेवले की दाखल करून घेतात हा समज आमच्या घरातही होता व तो खोटा निघाला. त्यामुळे औषधांचा भाग सरकारी रुग्णालयात आणि बोलण्याचा भाग खासगीत, अशी विभागणी केली तर तुमचे तीन-चार महिने थोडे लांबतील. आठवड्याऐवजी पंधरवड्याने सत्र घेता येईल का, हेही विचारा. अनेक जण फीमध्ये सवलत देतात, मात्र आपण होऊन सांगत नाहीत.

तीनची जाग आल्यावर फारच अस्वस्थ वाटले तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीतून बोलता येते. ती २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. भावाने एकदा रात्री तिचा उपयोग केला होता. तो काय बोलला ते आम्ही विचारले नाही, पण सकाळी त्याने चहा मागून घेतला.

विम्याचे म्हणाल तर कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक आहे. परंतु बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतात, त्यामुळे सत्रांच्या फीसाठी त्यावर विसंबू नका.

कर्वेनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतरीच्या अकरा दिवसांत एवढे झाले. रक्ताची तपासणी केली, थायरॉइड ठीक आहे. एका मनोविकारतज्ज्ञांना भेटलो. त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले, तूर्त औषध दिले नाही, महिन्याभराने पुन्हा बोलावले आहे आणि बोलण्याचे उपचार सुरू करायला सांगितले आहे.

शिक्षिकाबाईंनी सांगितल्याप्रमाणे चार ठिकाणी दूरध्वनी केला. दोघांची वेळ माझ्या पाळीत बसत नव्हती. तिसऱ्या ठिकाणी मराठीतून बोलता येईल का, असे विचारल्यावर "थोडे थोडे जमेल" असे उत्तर आले. चौथ्या बाई कर्वे रस्त्यावर बसतात, माझ्या घरापासून दुचाकीवर दहा मिनिटे. नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा त्यांनी तो पाठ म्हणून दाखवला आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या असे स्वतःहून सांगितले. मी पाहिला, आहे. सत्राला १,२०० रुपये, पंधरवड्याने आले तरी चालेल.

काल पहिली भेट झाली. मी छापलेला कागद पुढे केला. त्यांनी तो पूर्ण वाचला, घडी घालून मलाच परत दिला आणि विचारले, "तीनला जाग आल्यावर तुम्ही कोणत्या कुशीवर असता?" मला उत्तर देता आले नाही, कारण मी कधी लक्षच दिले नव्हते. काल रात्री पाहिले. आईला ज्या बाजूला वळवत असे, त्याच बाजूला तोंड होते.

औंधच्या सदस्यांचे म्हणणे मनात ठेवले आहे. निदान चार भेटी होईपर्यंत केबिन, जिना आणि घड्याळ यांबद्दल तक्रार करणार नाही, असे पत्नीला सांगून ठेवले आहे. त्या आधीच्या थेरपिस्टना ईमेल लिहिला आहे, या वेळी मराठीतून, पण अजून पाठवलेला नाही. पुढची भेट गुरुवारी सव्वासातला आहे.